पेकोचे पॉइंट: सांगलीतल्या तीन पावसाळ्यांनंतर

आधी निकाल सांगते, हकिकत मागाहून. छोट्या, म्हणजे मॉडेल रेल्वेसाठी पेको कंपनीच्या कोड १०० मालिकेतले चार पॉइंट, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे, मी तीन वर्षांपूर्वी घेतले. तीन मध्यम त्रिज्येचे, एक लहान. आज चारही त्याच फळीवर आहेत. त्यांची जीभ, म्हणजे सरकून रस्ता बदलणारा निमुळता रूळ, अजून टक्कन बसते. या तीन वर्षांत माझ्या गाड्या रुळावरून किती वेळा उतरल्या याची वही आहे घरात, पण त्यातला एकही अपघात शेवटी पॉइंटच्या अंगावर गेला नाही. कोणाच्या अंगावर गेला ते पुढे येईल. बहुतेक वेळा माझ्याच.

मी मिरजेत एका डेंटल लॅबमध्ये कामाला आहे. कवळ्या, कॅप, ब्रिज, मुलांच्या दातांच्या तारा. दिवसभर भिंग लावून पाव मिलिमीटरच्या मागे लागायचं आणि संध्याकाळी विश्रामबागच्या घरी येऊन पुन्हा तेच करायचं, याला छंद म्हणतात की आजार, हा आईचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत गँगमन म्हणून लागले, मग कीमॅन, म्हणजे रोज लाइनीवरून चालत रूळ तपासणारे, झाले आणि मुकादम होऊन निवृत्त झाले. म्हणजे या फळीकडे दोन माणसं दोन नजरांनी बघतात. मी वरून, भिंगातून. अण्णा गाल फळीला टेकवून, एक डोळा मिटून, रुळाच्या माथ्याच्या रेषेत. त्यांची नजर जास्त खरी निघते हे मला मान्य करायला एक पूर्ण पावसाळा लागला.

छोटी रेल्वे मी पहिल्यांदा पाहिली ती पुण्याला, कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये. ते १९९८ साली सुरू झालं. मी शाळेच्या सहलीतून गेले होते. बाकीच्या मुली गाड्या बघत होत्या आणि मी सांधे. कीमॅनची पोर, दुसरं काय बघणार.

आमची फळी साडेनऊ फूट लांब, दीड फूट रुंद. बारा मिलिमीटरचं प्लायवूड, खाली सागवानी पट्ट्यांची चौकट. गाडी गोल गोल फिरत नाही. यार्ड आहे, मालगाडीचे डबे इकडून तिकडे लावायचे. त्यामुळे सगळा खेळ पॉइंटवर. साध्या रुळात चूक झाली तर एखादा डबा डुलतो. सांध्यात चूक झाली तर सगळं यार्ड बंद.

पहिला सेट मी एका खेळण्यांच्या दुकानातून घेतला होता. कंपनीचं नाव लिहीत नाही. रूळ लोखंडी होते. जुलैत त्यावर तांबूस ठिपके आले आणि ऑगस्टमध्ये ठिपक्यांचे पट्टे झाले. पॉइंटचं नाक, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथली चोच, पूर्ण प्लास्टिकचं. माझं छोटं चार चाकी इंजिन तिथं आलं की त्याचा रुळांतून मिळणारा वीजपुरवठा तुटायचा आणि ते मधोमध उभं राहायचं, मग बोटानं ढकलायचं. अण्णा दारातून म्हणाले, "पोरी, हात लावून चालवायची तर ट्रॉली घे की, इंजिन कशाला?" त्याच आठवड्यात मी तो सेट शेजारच्या मुलाला देऊन टाकला. तो खूश आहे. त्याच्याकडे गाडी उभी राहिली की ते स्टेशन असतं.

मग पेको. इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यात बीर नावाच्या गावात ही कंपनी आहे, १९४६ पासूनची. रूळ निकेल सिल्व्हरचे, म्हणजे आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो ते. नावातच चांदी. प्रत्यक्षात तांबं, निकेल आणि जस्त. लोखंडासारखा गंज येत नाही आणि वर काळपट थर चढला तरी पितळेपेक्षा वीज बरी जाते. सांगलीच्या पावसाळ्यात एवढ्या एका गोष्टीसाठी मी जास्त पैसे द्यायला तयार आहे. पैसे खरंच जास्त आहेत: मुंबईहून मागवलेला एक पॉइंट घरी येईपर्यंत दोन-तीन गॅस सिलिंडरांच्या किमतीचा होतो. आईला खरी किंमत सांगितलेली नाही. ही समीक्षा ती वाचणार नाही अशी आशा आहे.

कोड १०० म्हणजे काय, हे नव्या लोकांसाठी. रुळाची उंची इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. कोड १०० म्हणजे ०.१०० इंच, २.५४ मिलिमीटर. माझ्या गाड्यांच्या एचओ मापात सगळं खऱ्याच्या एक-सत्त्याऐंशीवा भाग असतं, म्हणून मी उलटा गुणाकार केला: २२१ मिलिमीटर. अण्णांना सांगितलं तर ते हसले. आपल्याकडचा मीटरला साठ किलो वजनाचा रूळ १७२ मिलिमीटर उंच, बावन्न किलोचा १५६. म्हणजे माझ्या फळीवर जो रूळ आहे तो भारतात कुठंच घातलेला नाही. कोड ७५ घेतला असता तर हिशेब १६६ च्या आसपास येतो, बरोबर दोघांच्या मधे. दिसायला तो कितीतरी देखणा. मग मी कोड १०० का घेतला? कारण माझ्याकडचे काही जुने डबे खोल कडांच्या चाकांचे आहेत. बारीक रुळावर त्या कडा रूळ धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या टोप्यांवर आपटतात. नवीन सुरुवात करणाऱ्यानं, सगळी चाकं नवी असतील तर, कोड ७५ चा विचार जरूर करावा.

गेजचंही, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचंही, तसंच. एचओचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा, कारण तो १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवरून काढलाय. आपला ब्रॉडगेज १६७६. तो याच मापात १९.३ मिलिमीटर व्हायला हवा. अण्णांनी पहिल्याच दिवशी अंगठ्यानं अंदाज घेऊन सांगितलं, "ही आपली लाइन न्हाई." मी म्हटलं, पुण्याच्या मेट्रोची आहे, ती स्टँडर्ड गेजच आहे. "मग मालगाडीचे डबे कशाला लावलेत तिच्यावर?" याला उत्तर नाही. दुरून बघितलं तर कळत नाही, एवढंच. अण्णा दुरून बघत नाहीत.

सांध्याचा कोन हा तिसरा वाद. पेकोच्या या मालिकेत लहान, मध्यम, मोठा, तिन्ही पॉइंटांचा क्रॉसिंगचा कोन एकच, बारा अंश. सोय चांगली आहे: कुठलाही कुठल्याही शेजारी बसतो आणि शेजारच्या दोन लाइनींतलं अंतर तेच राहतं. पण बारा अंश म्हणजे साधारण एकास पावणेपाच, एक फूट बाजूला सरकायला पावणेपाच फूट पुढे. आपल्या स्टेशनांत एकास बारा, आणि यार्डात एकास साडेआठ. अण्णांनी मध्यम त्रिज्येचा पॉइंट हातात धरून बराच वेळ फिरवला. "साखर कारखान्याच्या सायडिंगला चालंल," एवढाच शेरा. म्हणून माझं यार्ड आता साखर कारखान्याचं सायडिंग आहे. वादही मिटला आणि मळीच्या टँकरचे डबे घ्यायला कारणही मिळालं.

त्रिज्येबद्दल माझा सल्ला: मध्यमच घ्या. लहान पॉइंट मी जागा वाचवायला घेतला आणि एका टोकाच्या, पुढे बंद असलेल्या मुक्या लाइनीला लावला, तिथं ठीक आहे. पण दोन लहान पॉइंट समोरासमोर जोडून एका लाइनीवरून दुसरीवर जायचा रस्ता करू नका. आधी डावीकडे वळण आणि लगेच उजवीकडे; लांब डबे एकमेकांना ढुशा मारत जातात.

आता खरा मुद्दा, विजेचा. माझे पॉइंट इलेक्ट्रोफ्रॉग प्रकारचे आहेत, म्हणजे नाक धातूचं आणि त्यात वीज. ती वीज जीभ ज्या बाजूच्या स्टॉक रुळाला, म्हणजे बाहेरच्या स्थिर रुळाला, चिकटली असेल त्या बाजूची. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. पहिली, नाकातून पुढे निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना धातूच्या फिशप्लेटऐवजी, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीऐवजी, प्लास्टिकची फिशप्लेट लावायची. नाहीतर पलीकडून उलटी वीज आली की शॉर्ट. मी एका ठिकाणी विसरले आणि दोन संध्याकाळी इंजिनाची मोटर उघडून बसले होते. मोटर बिचारी निर्दोष. दुसरी, नाकाला वीज द्यायचं काम एकट्या जिभेच्या स्पर्शावर सोडायचं नाही. धूळ बसते, स्पर्श जातो. नाकाखालची तार वेगळ्या स्विचमधून घ्या. नव्या उत्पादनात कंपनी युनिफ्रॉग नावाचा प्रकार देते, त्यात नाक मुळातच वेगळं ठेवलेलं असतं आणि तार हवी तर जोडायची. आज घेणार असाल तर तुम्हाला बहुधा तोच मिळेल, आणि माझ्या दोन संध्याकाळी तुमच्या वाचतील.

स्विचसाठी मी इलेक्ट्रिक मोटर घेतल्या नाहीत. फळीच्या कडेला साधा स्लाइड स्विच बसवलाय, रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे मिळतो तोच. त्याच्या दांड्यातून ०.८ मिलिमीटरची स्टीलची तार थेट पॉइंटच्या दोन्ही जिभा जोडणाऱ्या आडव्या पट्टीला. स्विच सरकवला की जीभही सरकते आणि नाकाची वीजही बदलते, एकाच हालचालीत. फक्त स्विचची चाल पॉइंटच्या चालीपेक्षा जास्त असते. ती उरलेली चाल कुठंतरी जिरवायला लागते, नाहीतर आडवी पट्टी तुटेल. म्हणून तारेत मधे एक वाकण दिलं, घोड्याच्या नालेसारखं. दातांच्या तारांत आम्ही हेच करतो, त्याला ओमेगा लूप म्हणतात. छोट्या रेल्वेवाल्यांची जुनी पुस्तकं चाळली तर तिथंही हेच वाकण आणि हेच नाव. ते बघून मला जो आनंद झाला तो लॅबमध्ये कोणाला सांगून कळला नाही.

पॉइंटच्या पोटात एक छोटी स्प्रिंग आहे, ती जीभ एका बाजूला घट्ट धरून ठेवते. या किमतीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. काही न जोडता, नुसत्या नखानं ढकललं तरी पॉइंट चालतो आणि बसतो. अण्णांनी त्याची परीक्षा घेतली. खऱ्या सांध्यात जीभ आणि स्टॉक रूळ यांच्यात पाच मिलिमीटरची पट्टी अडकवून बघतात. तेवढी फट राहिली असताना सांधा लॉक होता कामा नये. "तुझ्या या खेळण्यात पाच मिलिमीटर म्हणजे किती गं?" मी हिशेब केला: ०.०५७. माझ्याकडे लॅबचा निळा कागद आहे, दात वरखाली टेकतात कुठं ते बघायचा, चाळीस मायक्रॉनचा. सत्त्याऐंशीनं गुणला तर साडेतीन मिलिमीटर. तो कागद बंद जिभेत धरून ओढला. चारपैकी तिघांनी कागद सोडला नाही. चौथ्यात सरकन निघून आला. त्या जिभेच्या टोकाशी माझ्याच हातून सोल्डरचा एक कण उडून चिकटला होता. सुईनं काढला, कागद अडकला. अण्णा म्हणाले, "पास."

रूळ अंथरण्याबद्दल. लवचिक रूळ एक यार्डाच्या लांबीत येतो, ९१४ मिलिमीटर. वाकवला की आतला रूळ पुढे सरकून बाहेर येतो, तो कापायला लागतो. कटरनं चेपून कापला तर टोकाचा आकार बिघडतो. मी लॅबच्या मायक्रोमोटरला कापायची पातळ चकती लावून कापते आणि टोकाच्या आतल्या कडेवर कानस फिरवते. चष्मा लावूनच. ती चकती फुटली की तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा येतो, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात.

सोल्डरिंगचं एकच सांगते: कमी वॅटचा इस्त्रीसारखा हळू तापणारा लोह घेऊन रुळाशी गप्पा मारत बसू नका, खालचे प्लास्टिकचे स्लीपर वितळतात. साठ वॅटचा, चांगला तापलेला, दोन सेकंद टेकवा आणि बाजूला व्हा. दोन्ही बाजूंच्या स्लीपरांवर ओला कापूस ठेवा. आणि पॉइंटच्या आसपासच्या फिशप्लेट सोल्डर करूच नका. एक दिवस पॉइंट काढायची वेळ येतेच.

दोन रुळांत फट ठेवावी का, यावर आमच्याकडे भांडण झालं. निकेल सिल्व्हरचा मीटरभर रूळ वीस अंशांनी तापला तर जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो. माझ्या मते एवढ्यासाठी कशाला फट. अण्णांनी एप्रिलमधल्या दुपारी पडदा सरकवला, फळीवर ऊन येऊ दिलं आणि चहा प्यायला गेले. परत आलो तर खिडकीजवळच्या लाइनीत सुरेख नागमोडी वळण आलेलं. स्लीपर उखडून रूळ बाजूला गेला होता. "बकलिंग," अण्णा म्हणाले, आणि चहाचा कप खाली ठेवला नाही. तेव्हापासून दर जोडाला एक व्हिजिटिंग कार्ड मधे धरून मगच खिळा. खरं तर आमच्याकडे रूळ वाढतो त्यापेक्षा प्लायवूड जास्त हलतं. मेमध्ये कोरडं पडून आक्रसतं, जुलैत फुगतं. कडा आणि खालची बाजूही रंगवून घेतली असती तर निम्मा त्रास वाचला असता. वरची बाजू तेवढी रंगवली होती, कारण तीच दिसते.

खडीची गोष्ट मोठी आहे. बाजारात छोट्या रेल्वेची खडी पाकिटात मिळते, महाग. खरी खडी मोठ्यात मोठी ६५ मिलिमीटरची. भागाकार केला तर पाऊण मिलिमीटर. म्हटलं, आपण दगडाच्या देशात राहतो, पाकीट कशाला? क्रशरवरून पिशवीभर कच आणली, धुतली, वाळवली, रव्याच्या चाळणीतून आणि मग मैद्याच्या चाळणीतून काढली. रंग अगदी आमच्या लाइनीचा, काळपट निळा. आईच्या दोन चाळण्या गेल्या. खडी पसरून, पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून फवारलं, वरून पातळ फेविकॉल थेंबाथेंबानं सोडलं. दुसऱ्या दिवशी दगडासारखं बसलं. बघायला इतकं छान की मी फोटो काढून लॅबमध्ये सगळ्यांना दाखवले.

आठवड्याभरात इंजिन करकर वाजायला लागलं. उघडलं तर मोटरच्या चुंबकाला काळे कण चिकटलेले, दाढीसारखे. आपला बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाइट. सह्याद्रीचा दगड चुंबकाला ओढला जातो हे शाळेत कोणी सांगितलं असेल तर मी त्या दिवशी गैरहजर होते. आता जी खडी अंथरते ती आधी ताटात पसरून वरून जुन्या स्पीकरचा चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवते. पिशवी काळी होते. मग ती उलटी करून झटकायची. जी आधीच चिकटवली होती तिच्यावर पातळ फेविकॉलचा आणखी एक हात दिला आणि देवाचं नाव घेतलं.

आणि फेविकॉल. पॉइंटच्या जिभेच्या आडव्या पट्टीखाली खडी टाकायची नसते. हे मला माहीत होतं, मी टाकली नव्हती. पण पातळ केलेला फेविकॉल उतार बघून जातो. सकाळी चार नंबरचा पॉइंट पक्का. नवीन पॉइंट, दोन-तीन सिलिंडर! गरम पाणी ड्रॉपरनं सोडत, लॅबमधल्या सुईसारख्या हत्यारानं एकेक कण उकरत तीन तास गेले. आडवी पट्टी तुटली नाही, स्प्रिंग गंजली नाही, संध्याकाळपर्यंत टक्. या कंपनीला मी जे गुण देते त्यातले निम्मे त्या तीन तासांचे आहेत. तुम्ही मात्र पट्टीखाली आधी काळं रंगवलेलं कागदी अस्तर टाका आणि फेविकॉल दोन बोटं अलीकडेच थांबवा.

आता ज्या अपघातांची वही आहे त्याबद्दल. पहिल्या पावसाळ्यात दोन नंबरच्या पॉइंटवर डबे पडायचे. रोज. मी पॉइंट उपसून काढायच्या तयारीत. अण्णा म्हणाले, "पडला कुठं ते समजलं. चढला कुठं?" रेल्वेत अपघात झाला की हेच बघतात: चाक रुळावर चढलं ती जागा वेगळी आणि खाली पडलं ती वेगळी, आणि मोजमाप चढलेल्या जागेच्या मागून सुरू होतं. अण्णांनी मला रुळाच्या माथ्यावर खडूची भुकटी लावायला सांगितली. मी निळा कागद ठेवला, तो माझ्या सवयीचा. डबा हळू ढकलला. चाकाची कड रुळाच्या माथ्यावर चढल्याची निळी रेघ पॉइंटच्या आत नव्हतीच. ती सहा बोटं अलीकडे, साध्या रुळात उमटली. तिथं प्लायवूडच्या दोन तुकड्यांचा जोड होता. पावसानं एक तुकडा किंचित उचलला, एक रूळ खाली, एक वर. "ट्विस्ट," अण्णा गाल फळीला टेकवून म्हणाले. "खाली पॅकिंग न्हाई तिथं. वरनं सांध्याला शिव्या घालून काय उपयोग?" व्हिजिटिंग कार्डाचे दोन तुकडे खाली सरकवले. त्या जागी त्यानंतर डबा पडला नाही.

दुसरा गुन्हेगार चाकं. एका जोडीतल्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर. खऱ्या ब्रॉडगेजवर ते १६०० मिलिमीटर. माझ्या १६.५ च्या रुळावर १४.४ च्या आसपास लागतं. ते कमी पडलं की चाक चेक रुळाला, म्हणजे नाकासमोर चाकाला वाट दाखवणाऱ्या आतल्या तुकड्याला, घासतं आणि क्रॉसिंगच्या नाकाशी उचललं जातं. लॅबचा व्हर्नियर आणून सगळे डबे मोजले. बारा डब्यांपैकी तीन डब्यांची चाकं आत दबलेली निघाली. एक तर १३.९. पिळून बाहेर ओढली. ते डबे मी वर्षभर पॉइंटच्या नावानं वहीत लिहीत होते. अण्णांनी वही मागून घेतली आणि त्या नोंदींपुढे लाल पेनानं "चाक" लिहिलं.

निगेचं म्हणाल तर आमच्याकडे शत्रू एकच: काजळी. हंगामात उसाचे फड तुटले की पाचट पेटवतात. ते काळे तुकडे वाऱ्यानं विश्रामबागेपर्यंत येतात, वाळत घातलेल्या साड्यांवर आणि माझ्या रुळांवर. वर प्लास्टिकच्या चाकांचा काळा थर. मी सुती कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून रूळ पुसते, खिडकी उघडी ठेवून आणि वीज बंद करून. मिरजेत औषधांची दुकानं इतकी आहेत की ते कुठंही मिळतं. पॉलिश पेपर अजिबात लावू नका. त्याचे ओरखडे पुढच्या काजळीला बसायला जागा देतात. जिभेची आतली बाजू आणि स्टॉक रुळाची आतली बाजू मात्र कापडानं होत नाही; तिथं जाड कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये बुडवून जीभ बंद करायची आणि ओढायची. महिन्यातून एकदा. डब्यांना प्लास्टिकऐवजी धातूची चाकं बसवल्यावर ही साफसफाई दोन महिन्यांतून एकदा झाली.

रविवारी सकाळी अण्णा पेट्रोलिंग करतात. हातोडा नाही, चहाचा चमचा. रुळावर हलकेच टकटक करत जातात. प्रत्येक स्लीपरखाली आवाज वेगळा येतो म्हणे. पोकळ वाजलं की मला हाक. मला तो फरक अजून ऐकू येत नाही. पण चमच्यानं दाखवलेल्या जागी कार्ड सरकवलं की सरकतंच.

काय आवडलं नाही? स्लीपर. ते आपल्या धर्तीचे नाहीत. आपल्याकडे किलोमीटरला १६६० या हिशेबानं सिमेंटचे स्लीपर साठ सेंटिमीटरवर असतात, म्हणजे माझ्या फळीवर जेमतेम सात मिलिमीटर. आणि लांबी २७५० मिलिमीटर. पेकोचं लाकडी धर्तीचं रूप बघून आमच्या घरी येणारा कोणीही रेल्वेचा माणूस "कुठली लाइन?" असं विचारतो. सिमेंटच्या रंगात रंगवून मी निम्मं भागवलंय. किमतीबद्दल वर सांगितलंच. सोबत येणारी सूचनांची चिठ्ठी इतकी थोडकी आहे की इलेक्ट्रोफ्रॉग म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, त्याला ती वाचूनही कळणार नाही.

पैसे मोजके असतील तर पॉइंट चांगले घ्या आणि साधा रूळ, खडी, स्विच यांत काटकसर करा. उलटं केलंत तर शेजारच्या मुलाला द्यायला तुमच्याकडेही एक सेट तयार असेल.

आता पाचवा पॉइंट मागवलाय, नऊ मिलिमीटर गेजचा. मिरजेत एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज तिन्ही लाइनी शेजारी शेजारी होत्या. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी लाइन १९२७ साली कुर्डुवाडीकडून मिरजेपर्यंत आली. ७६२ मिलिमीटर भागिले सत्त्याऐंशी म्हणजे पावणेनऊ, नऊ मिलिमीटरचा रूळ जवळजवळ बरोबर बसतो. म्हणजे या फळीवर जी एकच लाइन मापात खरी असेल ती नॅरोगेजची. अण्णांना हे सांगितल्यावर ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी लॅबमधून आले तर फळीच्या मोकळ्या कोपऱ्यात खडूनं सांध्याची जागा आखलेली होती, आणि पुढे त्यांच्या अक्षरात: पॅकिंग बाकी.